साडूचा मधला स्पीकर

माझ्या साडूचं माझ्याशी काहीही वाकडं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो कुणाशी वाकडं वागूच शकत नाही, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. एखाद्याने शिष्टपणा केला, खडूसपणा केला, तर त्याच्यावर जळायला निदान कारण तरी मिळतं. हा गृहस्थ समोरून हसत येतो, हातातली पिशवी काढून घेतो आणि म्हणतो, "दादा, आधी पंख्याखाली बसा." अशा माणसावर जळणं फार कष्टाचं काम आहे. मी ते नऊ वर्षं केलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझं चष्म्याचं दुकान आहे, मोठ्या रस्त्यावर, काचेच्या दाराचं. तो लिफ्टचा मेकॅनिक. इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून लिफ्टच्या मोटरची खोली असते. उन्हाळ्यात तिथे दोन मिनिटं उभं राहवत नाही. तिथे तो दिवसाचे आठ तास काढतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतलं बेअरिंग किती दिवसांचं सोबती आहे ते सांगायचं, ही त्याची पद्धत. आमच्या इमारतीत तो आला तेव्हा म्हणाला, "दोन महिने, फार तर अडीच." सेक्रेटरी हसले. अडीच महिन्यांनी लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली, तेव्हा आत सेक्रेटरीच होते. मी जिना उतरताना त्यांचा आवाज ऐकला आणि मला सेक्रेटरींची कीव येण्याऐवजी साडूचा राग आला.

आमच्या सासरी दोनच मुली. त्यामुळे मी थोरला जावई आणि तो धाकटा. लग्नानंतरची पहिली काही वर्षं रविवारची दुपार माझ्याकडे असायची. सासरे, सासूबाई, मेहुणी, साडू, सगळे जेवण उरकून यायचे आणि आम्ही मोठ्या टीव्हीवर सिनेमा बघायचो. सोफा माझा, टीव्ही माझा, शब्दही माझाच. त्यातच मी घरी स्पीकरचा सेट आणला. पाच छोटे स्पीकर आणि एक धडधड करणारा डबा, सगळं एकाच खोक्यात. सकाळी दुकानात गेलो, दुपारी सेट घरी वाजत होता. खिडक्यांच्या काचा थरथरल्या तेव्हा मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघून घेतलं.

साडूने तोंडभर कौतुक केलं. मग जरा घुटमळत विचारलं, "दादा, त्या डब्याचा खालचा आवाज थोडा कमी करून बघू का?"

"कंपनीने लावून दिलंय ते," मी म्हणालो. "त्यांना कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

"तेही खरंच," तो म्हणाला. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं त्याच्या मनात आलं असणार. पण बोलेल तर शपथ.

त्याच वर्षी त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून दोन लाकडी स्पीकर आणले. दोनच. त्याच्या पगारात पुरा सेट बसत नव्हता आणि हप्त्यांवर काही घ्यायचं नाही, असा दोघा नवरा-बायकोचा नेम. स्पीकर चांगल्या नावाच्या कंपनीचे होते, पण आतल्या कागदी पडद्याभोवतीची रबरी कड कुजून गेलेली. मीच त्याच्याबरोबर दुकानात गेलो होतो, म्हणून मला ठाऊक. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, नाहीतरी भंगारातच जायचेत." साडूने नवी कड मागवली, चिकटवली, दोन दिवस वजनाखाली ठेवली. पण त्यांना वाजवायला त्याच्याकडे अॅम्प्लिफायरच नव्हता. तो आणायला आणखी एक वर्ष लागलं. वर्षभर ते स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना मुके उभे होते आणि मेहुणी त्यांच्यावरची धूळ पुसत होती.

मी तेव्हा फार मजेत होतो. "साडूभाऊ," मी म्हणायचो, "तुमचा सेट पुरा होईपर्यंत आपल्याला कवळ्या लागतील."

"कवळी लागली तरी कान असतील ना, दादा," तो हसून म्हणायचा.

तिसऱ्या वर्षी त्याने स्पीकरसाठी उभ्या घोड्या केल्या. लोखंडी पाइप आणला, त्यात भरायला वाळू आणली. ती वाळू धुतली, गच्चीवर वाळवली, चाळली आणि मग भरली. पोकळ पाइप स्वतःच गुणगुणतो म्हणे. चौथ्या वर्षी खालच्या आवाजाचा डबा, तोही प्लायवूड कापून घरी बनवलेला. तो कुठे ठेवायचा हे ठरवायची त्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. डबा उचलून आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवला, एक गाणं लावलं आणि स्वतः खोलीभर रांगत सुटला. जिथे आवाज स्वच्छ ऐकू येईल, तिथे डब्याची जागा. चाळिशीचा बाप्या भिंतीच्या कडेकडेने रांगतोय, कोपऱ्यात कान लावतोय, मागे फिरतोय. मी हसून हसून लोळलो. आणि दुसऱ्याच दिवशी, बायको बाजारात गेल्यावर, माझा डबा सोफ्यावर ठेवून मीही रांगलो. ती पाकीट विसरली म्हणून परत आली. दारात उभी राहून तिने एवढंच विचारलं, "काही हरवलं का?"

पाचव्या-सहाव्या वर्षी मागच्या भिंतीवरचे दोन स्पीकर आले. आणि तेव्हाच कधीतरी रविवार माझ्या हातातून निसटला. आधी "एकदा आमच्याकडे या ना" झालं, मग एक आड एक रविवार झाला, मग माझ्याकडे कुणी फिरकेनासंच झालं. साडूचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. सासरे भिंतीकडेच्या पलंगावर पाठीला उशी घेऊन बसायचे, कारण त्यांचे गुडघे वाकत नाहीत; शेजारी सासूबाई, बाकीचे आणि पोरंसोरं खाली सतरंजीवर. एवढ्या अडचणीत सगळे खुशीत! एकदा सासरे सहज म्हणाले, "थोरल्यांकडे नुसता दणका असतो. इथे माणसं बोललेली कळतात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यात कहर म्हणजे, आमच्या सौभाग्यवती. एरवी कुठे निघायचं तर हिचं आवरता आवरत नाही. रविवारी मात्र दीडच्या ठोक्याला चपला घालून दारात.

बरं, मी त्याला नावं ठेवावीत तर आवाज खरोखरच अप्रतिम होता. मी मधल्या खुर्चीत बसायचो. साडूच्या घरी वेताची एक खुर्ची होती, टीव्हीच्या बरोबर समोर. तिच्या चार पायांच्या जागा त्याने फरशीवर रंगाच्या चार ठिपक्यांनी आखून ठेवल्या होत्या. दोन्ही स्पीकरपासून दोऱ्याने अंतर मोजून ती खुर्ची ठेवलेली. "दादा, तुम्ही इथे," असं म्हणून तो मला तिथे बसवायचा आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घ्यायचा. मला वाटायचं, थोरल्या जावयाचा मान. खुर्चीत बसलं की पडद्यावरच्या माणसाच्या ओठांतून शब्द निघायचा. डावीकडचा माणूस डावीकडून बोलायचा, तो चालत मधे आला की आवाजही त्याच्याबरोबर चालत यायचा. मी दुपारभर तो आवाज ऐकायचो आणि घरी येऊन माझ्या खोक्यातल्या सेटकडे बघायचो.

आता त्याचा एकच स्पीकर यायचा राहिला होता, मधला. सिनेमातलं बोलणं मुळात त्या मधल्यातून यायचं असतं. तो टीव्हीच्या खाली आडवा बसतो. पण तो पुढच्या दोन स्पीकरच्याच जातीचा लागतो, नाहीतर चालता-चालता माणसाचा आवाज बदलतो. साडूचे स्पीकर जुने, त्या कंपनीने ती जात बनवायची केव्हाच थांबवलेली. जुन्या सामानवाल्याला त्याने सांगून ठेवलं होतं. दर महिन्याला तो तिथे एक चक्कर मारायचा. तीन वर्षं. मी दर रविवारी सहानुभूतीने विचारायचो, "काय, मिळाला का मधला?" तो मान हलवायचा आणि माझा सबंध आठवडा बरा जायचा.

गेल्या वर्षीची गोष्ट. मी त्या दुकानावरून चाललो होतो. जुन्या सामानवाल्याने मला ओळखलं आणि आतूनच हाक मारली, "अहो, बरे भेटलात! तुमच्या साडूंना सांगा, त्यांचा मधला आला. अगदी त्याच जोडीतला."

मी आत गेलो. आडवा, लाकडी, कोपऱ्यावर एक टवका उडालेला. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. सांगतो, असं म्हणून निघायचं होतं, बाकी काहीच करायचं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पुढचा रविवार उभा राहिला. सगळे टाळ्या पिटताहेत, सासरे "वा, वा" करताहेत, माझी बायको माझ्याकडे न बघता त्याच्याकडे बघतेय.

"सांगायचं कशाला? मीच नेतो त्यांच्याकडे," मी म्हणालो, खिशात हात घातला आणि तो स्पीकर बगलेत मारून बाहेर पडलो.

स्पीकर माझ्या दुकानात आला. मागच्या खोलीत, नंबर तपासायच्या खुर्चीमागच्या कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून. एकदा तो घरी नेऊन, तारा तोडून-जोडून माझ्या सेटला लावूनही पाहिला. म्हटलं, चोरीचा का होईना, उपयोग तरी होऊ दे. पडद्यावरचा माणूस डावीकडे खणखणीत बोलायचा, मधे आला की त्याला सर्दी व्हायची आणि उजवीकडे पोहोचला की बरा व्हायचा. मी तो परत चादरीत बांधला. म्हणजे मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. फक्त तो त्याच्याकडे नव्हता, एवढंच सुख. आणि ते सुख चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू! गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला सांगताना माझी नजर कपाटावर जायची आणि मला गार वाटायचं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. साडूने मधल्याचं नावच काढणं सोडलं. मी विचारलं, "मधल्याचं काय?" तर म्हणायचा, "बघू, दादा," आणि विषय बदलायचा. मी समजलो, हरला. अकरा महिने मी या समजुतीत आनंदाने काढले.

मग आत्याबाई आल्या. सासऱ्यांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायला आलेल्या आणि धाकट्या भाचीकडे उतरलेल्या. मी रविवारी नेहमीप्रमाणे गेलो तर मधल्या खुर्चीत आत्याबाई पाय वर घेऊन बसलेल्या. साडू ओशाळला. "दादा, आज जरा इकडे बसाल का?" म्हणत त्याने आपलं दाराजवळचं स्टूल मला दिलं आणि स्वतः सतरंजीवर बसला.

सिनेमा सुरू झाला आणि मी चपापलो. पडद्यावर मधोमध उभी असलेली बाई माझ्या डाव्या कानाशी येऊन रडत होती. नायक तिच्या शेजारी, त्याचा आवाजही डावीकडून. सगळं गाव डाव्या कोपऱ्यात येऊन बोलत होतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बिघडला! नऊ वर्षांचा सेट शेवटी बिघडला! मी आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती.

सिनेमा अर्ध्यावर थांबवून साडू चहा ठेवायला उठला, तेव्हा मी त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेलो. चेहरा शक्य तितका दुःखी केला. "साडूभाऊ, तुमचा उजवा स्पीकर गेलेला दिसतो. सगळं डावीकडूनच ऐकू येतंय."

"गेला नाही, दादा," तो आधण बघत म्हणाला. "तिथून असंच ऐकू येतं. मधला स्पीकर नाही ना. दोघांचा आवाज सारखा कानावर आला तरच मधे बोलल्यासारखा वाटतो. म्हणून तर दोऱ्याने मोजून खुर्ची ठेवलीय. ती एक जागा सोडली तर सगळ्यांना जवळचाच स्पीकर ऐकू येतो."

"सगळ्यांना?"

"हो. बाबांना उजवीकडून, आम्हाला डावीकडून. त्यांना सवय झालीय."

"आणि तुम्ही?"

"मी लावताना ऐकलं की, दोन दिवस खुर्चीत बसून." तो हसला. "नंतर घरात कुणी ना कुणी असतंच. मधला असता तर कुणी कुठेही..." इथे तो थांबला, साखरेचा डबा काढायला वळला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला साखर कमीच ना?"

मी स्टुलावर येऊन बसलो. ज्या आवाजापायी मी चार वर्षं जळत होतो, तो त्या घरात फक्त मलाच ऐकू येत होता. त्याने बनवला, मोजला, जुळवला आणि दर रविवारी मला दिला. आणि मी त्याच्याच आवाजावर बसून त्याचाच हेवा करत होतो. लाज वाटली? वाटली. पण त्याहून जास्त संताप आला. हा माणूस इतका चांगला वागूच कसा शकतो, याचा.

स्पीकर मी लगेच नेऊन दिला असं समजू नका. पुढचे दोन रविवार मी त्याच स्टुलावर काढले. आत्याबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिनाभराने होतं, म्हणजे त्या खुर्चीतून उठायच्या नव्हत्या. एकदा मधल्या आवाजाची चटक लागल्यावर डाव्या कानातलं रडणं मला सोसेना. मनाला पाझर फुटून नेला, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला पुन्हा नीट ऐकायचं होतं. शिवाय कपाटाकडे बघितलं की आता गार वाटत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी चादरीतलं गाठोडं घेऊन मी निघालो. रस्ताभर गोष्ट घोकली: बाहेरगावी चष्म्याचं शिबिर होतं, तिथे एका दुकानात नजरेला पडला, म्हटलं साडूभाऊंसाठी घेऊच. बायकोलाही हेच सांगितलं. ती रिक्षात माझ्याकडे अशी बघत होती, की मला रस्त्याकडे बघावं लागलं.

साडूने दार उघडलं. गाठोड्याच्या आकारावरूनच त्याला कळलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, माझी बायको आत गेल्याची खात्री केली आणि दाराबाहेरच, जिन्याच्या तोंडाशी, हळू आवाजात विचारलं, "दादा, तुमच्याकडे नाही का जमला?"

घोकलेली गोष्ट माझ्या जिभेवरच वाळली. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"दुकानदाराने. त्याच आठवड्यात. म्हणाला, तुमच्यासाठीच नेलाय त्यांनी." त्याने चादरीची गाठ सैल करून कोपरा बघितला. "मी आधी वाट बघितली. मग वाटलं, घरी लावून बघितला असेल, आवडला असेल. माणसाला आवडतं की."

"अहो, मग मागायचा होतात!"

"कसा मागणार, दादा? मागितला असता तर तुम्ही लगेच काढून दिला असता."

त्यात टोमणा असावा म्हणून मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. दुसऱ्याच्या डोळ्यांत बघण्यावर माझं पोट आहे. टोमणा नव्हता. त्याला तसं खरंच वाटत होतं.

स्पीकर लावायला त्याला वीस मिनिटं लागली. मग सिनेमा लागला आणि पडद्यावरचा म्हातारा बोलला, तो पडद्यावरूनच. पलंगावरचे सासरे ताठ बसले. "अरे, हा तर तिथूनच बोलतोय!" सासूबाईंनी, मेहुणीने, सतरंजीवरच्या पोरांनी माना वळवल्या. साडू भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. एखाद्या मोटरशी उभा असावा तसा. आत्याबाईंना काहीच फरक कळला नाही, त्या "काय झालं, काय झालं" विचारत राहिल्या.

"कुठे मिळाला रे शेवटी?" सासऱ्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाला, "मला कुठला मिळतोय! दादांनी आणला. वर्षभर शोधत होते माझ्यासाठी. मला पत्ताही लागू दिला नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासरे म्हणाले, "याला म्हणतात थोरला जावई." बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. नऊ वर्षं मी ज्या नजरेची वाट बघत होतो, ती आज माझ्यावर होती. साडू तिच्या मागे उभा होता आणि मला मान हलवून खुणावत होता, असू द्या म्हणून.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो ना," मी म्हणालो. "फार हिंडावं लागलं."